शाळांच्या इतिहासाचे संपादन

हैदराबाद शहरात सिकंदराबादच्या अंगाला तारनाका नावाचा भाग आहे. नावातला 'नाका' मराठी कानाला परका वाटत नाही. या नाक्याच्या एका बाजूस उस्मानिया विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार पसरले आहे, आणि त्याच परिसरात तेलंगण राज्याचे पुराभिलेखागार आहे. जुन्या निजामी राज्याची दप्तरे तेथे जतन केलेली आहेत. एकीकडे विद्यादानाची वास्तू, आणि दुसरीकडे ती विद्या कोणास, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या परवानगीने द्यावी याविषयी झालेला सरकारी पत्रव्यवहार, अशी ही दोन्ही स्थाने पायी जाण्याच्या अंतरावर नांदत आहेत. शिक्षणाच्या इतिहासाला वाहिलेल्या एखाद्या विद्वन्मान्य नियतकालिकाने हैदराबाद संस्थानातील शिक्षणावर विशेष विभाग काढण्याचे ठरविले, तर त्या विभागाच्या संपादकाला आपले बिऱ्हाड काही काळ तरी तारनाक्यावरच थाटावे लागेल.

अशा विभागाची रीत प्रथम थोडक्यात सांगितली पाहिजे. शिक्षणाचा इतिहास हाच आपला विषय मानणारी नियतकालिके जगात फार जुनी नाहीत. बेल्जियममधील घेंट येथून 'पेडागॉजिका हिस्टोरिका' हे नियतकालिक १९६१ साली निघू लागले. त्याच वर्षी अमेरिकेत 'हिस्टरी ऑफ एज्युकेशन क्वार्टर्ली' सुरू झाले, आणि इंग्लंडमधील 'हिस्टरी ऑफ एज्युकेशन'चा आरंभ १९७२ सालचा. अशा नियतकालिकांच्या नेहमीच्या अंकात लेख जसे येतात तसे छापले जातात. एका लेखाचा दुसऱ्याशी काही संबंध असेलच असे नाही. विशेष विभागाचे तसे नसते. तेथे पाच-सहा लेख एकाच प्रश्नाभोवती बसवावयाचे असतात. त्यासाठी नेमलेला पाहुणा संपादक आवाहन प्रसिद्ध करतो, गोषवारे मागवितो, त्यांतून लेखक निवडतो, आलेले लेख लेखकाचे नाव झाकून जाणत्या परीक्षकांकडे पाठवितो, दुरुस्त्या करवून घेतो, आणि शेवटी सर्व लेखांना मिळून एक प्रस्तावना लिहितो. हैदराबादला हा उद्योग सर्वस्वी नवा म्हणता येणार नाही. 'इस्लामिक कल्चर' हे इंग्रजी त्रैमासिक तेथे १९२७ साली निघाले, आणि त्याचे पहिले संपादक मार्माड्यूक पिकथॉल हे त्याच शहरात चादरघाट हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. शाळा चालविणारा मनुष्यच संशोधनाचे नियतकालिक चालवीत होता, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

लेख जमविणे, तपासणे आणि छापणे एवढेच हे काम असते, तर त्यावर विशेष काही बोलावे असे नव्हते. परंतु संपादकाचे खरे काम पहिला लेख हाती येण्यापूर्वीच सुरू झालेले असते. त्याने विचारलेल्या प्रश्नावर पुढचे सर्व अवलंबून राहते. आवाहनात जर 'देशी भाषेतून उच्च शिक्षणाचा पहिला प्रयोग' असे शब्द घातले, तर उस्मानिया विद्यापीठाचा गौरव करणारे लेख येतील. 'मराठवाड्यातील भाषिक दडपशाही' असे शब्द घातले, तर गाऱ्हाण्यांचे लेख येतील. दोन्ही प्रकारचे लेख पुराव्याने भरलेले असू शकतील, आणि तरीही दोन्ही विभाग अर्धे राहतील. हैदराबादची गोष्ट अशी आहे की तिच्यात गौरवही खरा आहे आणि गाऱ्हाणेही खरे आहे.

गौरवाची बाजू प्रथम पाहावी. उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान १९१७ साली निघाले, आणि १९१९ साली वर्ग सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. इंग्रजी हा आवश्यक विषय राहिला. पण पदार्थविज्ञान, गणित, इतिहास, अर्थशास्त्र हे विषय एका भारतीय भाषेतून पदवीपर्यंत शिकविण्याचे धाडस एका राज्यसत्तेने केले. त्यासाठी 'दारुल तर्जुमा' हे भाषांतर-कार्यालय विद्यापीठाच्या आधीच उभे राहिले. मौलवी अब्दुल हक यांनी त्याची धुरा घेतली. जोश मलिहाबादी यांच्यासारखा कवीही काही वर्षे तेथे काम करीत होता. शेकडो ग्रंथ उर्दूत आले. शास्त्रीय संज्ञा अरबी-फारसीतून घ्याव्यात की बोलीच्या मुशीत घडवाव्यात, यावर तेथे कसून वाद झाले. वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषानिर्मितीवरचा 'वज़-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ १९२१ साली निघाला तो याच मंथनातून. दाते आणि कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ साली प्रसिद्ध झाला हे ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहे, त्याला हैदराबादचा हा पूर्वप्रयत्न तुच्छ मानता येणार नाही.

आता दुसरी बाजू. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे संस्थानची लोकसंख्या सुमारे एक कोटी ४४ लाख होती. तिच्यातील जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे होते, चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक मराठी, सुमारे नववा हिस्सा कानडी, आणि उर्दू मातृभाषा असलेले एक-दशांशाहून किंचित अधिक. म्हणजे इंग्रजीच्या ओझ्यातून मुलांना सोडविण्यासाठी जी भाषा पुढे आणली, ती दहांतल्या जवळजवळ नऊ मुलांच्या घरची नव्हती. बीड, परभणी किंवा नांदेडच्या मुलाला प्रारंभीचे धडे मराठीत मिळाले, तरी पुढची सरकारी वाट उर्दूतूनच जात होती. म्हणून मराठी शिक्षणाचा भार खासगी संस्थांवर पडला. हैदराबादेत केशवराव कोरटकरादिकांच्या प्रयत्नाने विवेकवर्धिनी उभी राहिली. औरंगाबादेस १९१५ साली सरस्वती भुवनाचा आरंभ झाला. हिप्परग्यास १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले, आणि तेथून ते अंबाजोगाईस गेले. पण खासगी शाळा काढावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल, असे नियम त्याच दशकात आले. आणि १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या प्रश्नावरून उस्मानियाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. या चळवळीमुळे नागपूरची वाट धरणाऱ्यांत पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते.

या दोन कथा आजवर बहुधा वेगवेगळ्या कपाटांत राहिल्या आहेत. उस्मानियाची कथा उर्दूत आणि इंग्रजीत लिहिली गेली. मराठवाड्याच्या शाळांची कथा संस्थांच्या स्मरणिकांत आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत मराठीत लिहिली गेली. पहिलीचा वाचक दुसरी वाचीत नाही, आणि दुसरीचा वाचक पहिली उघडीत नाही. विशेष विभागाच्या संपादकाला या दोन कथा समोरासमोर आणण्याची संधी असते. त्यासाठी त्याचा प्रश्न गौरवाचाही नसावा आणि गाऱ्हाण्याचाही नसावा. हैदराबाद राज्यात कोणते मूल कोणत्या भाषेतून आणि कोणत्या इयत्तेपर्यंत शिकू शकत होते, एवढे साधे विचारले तरी पुरे. या प्रश्नाचे उत्तर देताना फर्मानाच्या अभ्यासकाला शाळेत यावे लागते, आणि शाळेच्या चरित्रकाराला दप्तरखान्यात जावे लागते.

प्रश्न ठरला की कष्टाचे काम सुरू होते, आणि ते शब्दांपासून सुरू होते. दप्तरांतील 'मदरसा' या शब्दाचा अर्थ केवळ धर्मशाळा किंवा धर्मशिक्षणाची पाठशाळा असा नाही. निजामी कारभारात कोणतीही शाळा म्हणजे मदरसा. 'तहतानिया' म्हणजे प्राथमिक, 'वस्तानिया' म्हणजे मधली आणि 'फौकानिया' म्हणजे माध्यमिक शाळा. हे न जाणणारा परदेशी परीक्षक एखाद्या गावी तीन मदरसे होते असे वाचील, आणि तेथे धर्मशिक्षणाचे केवढे प्राबल्य होते असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. मराठी अभ्यासकाची फसगत निराळ्या तऱ्हेने होते. 'तालीम' हा शब्द त्याच्या कानी पडला की त्याला आखाडा आणि जोर-बैठका आठवतात. पण 'नाजिम तालीमात' हा कोणी वस्ताद नव्हे, तो शिक्षणखात्याचा संचालक होय. एकच शब्द भीमेच्या अलीकडे एक अर्थ वागवितो आणि पलीकडे दुसरा. संपादकाने आपल्या विभागासाठी अशा शब्दांची एक याद प्रारंभीच करून ती सर्व लेखकांना पाठविली, तर पुढचे कितीतरी वाद टळतात.

शब्दांनंतर येतात तारखा. संस्थानचा कारभार फसली सनाने चाले. हे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई, आणि त्याच्या महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी फारसी होती. फसली सनात ५९० मिळविले की वर्षारंभीचा इसवी सन मिळतो. पण वर्षाचे उरलेले नऊ महिने पुढच्या इसवी सनात पडतात. म्हणून ज्या लेखात फक्त '१३२६ फसली' एवढेच लिहिले असेल, त्याचा अर्थ १९१६ ही होईल आणि १९१७ ही होईल. विद्यापीठाचे फर्मान आधी निघाले की त्यावरची टीका आधी झाली, ही शाळा नियम येण्यापूर्वीची की नंतरची, असे निर्णय या एका वर्षाच्या फरकावर उलटेपालटे होतात. दोन लेखकांनी एकच घटना दोन निरनिराळ्या वर्षी घातलेली आढळली, तर त्यांच्यात मतभेद आहे असे समजण्यापूर्वी संपादकाने पंचांग उघडावे, हे बरे.

त्यानंतर 'पहिला' या शब्दाचा समाचार घ्यावा लागतो. इतिहासलेखकाला या शब्दाचा मोह फार. उस्मानिया हे भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे पहिले विद्यापीठ, असे वाक्य अनेक लेखांत सहज येते. पुण्याजवळ हिंगण्यास महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापले ते १९१६ साली, म्हणजे उस्मानियाच्या फर्मानाच्या आदल्या वर्षी, आणि त्यांचाही आग्रह मातृभाषेतून शिकविण्याचाच होता. फरक एवढाच की कर्व्यांच्या विद्यापीठामागे राजाची सनद नव्हती. त्याला कायद्याची मान्यता स्वातंत्र्यानंतर मिळाली. तेव्हा उस्मानियाविषयीचे वाक्य 'राज्यसत्तेने स्थापन केलेले पहिले' असे दुरुस्त केले पाहिजे. या दोन शब्दांच्या दुरुस्तीने उस्मानियाचा मान कमी होत नाही. उलट एका मोठ्या प्रश्नाला वाट मिळते: राजसत्तेच्या बळावर आलेले देशी भाषेचे शिक्षण आणि लोकांच्या वर्गणीवर उभे राहिलेले शिक्षण यांत अंतर काय पडले? चांगल्या संपादकाच्या हातून लेख असे वाढतात.

सर्वांत अधिक सावधगिरी लागते ती आकड्यांच्या बाबतीत, आणि या बाबतीत मराठी अभ्यासकांपुढे एक मोठा आदर्श आहे. रा. वि. परुळेकर यांनी मुंबई इलाख्यातील जुन्या देशी शाळांची पाहणी १९५१ साली संपादून प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर सरकारी शिक्षणदप्तरांतील निवडक कागदांचे खंड काढले. हे काम जे. पी. नाईक यांनी मुंबईत १९४८ साली स्थापलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या वतीने झाले. त्यामागे एक गाजलेला वाद होता. ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडन येथे महात्मा गांधींनी, इंग्रजी अमलापूर्वी भारतात साक्षरता अधिक होती, अशा आशयाचे विधान केले, आणि सर फिलिप हार्टोग यांनी त्याला पुरावा मागितला. मुंबई इलाख्याचे १८२९ चे सरकारी आकडे सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० विद्यार्थी असे होते. परुळेकरांनी मूळ कागद काढून दाखविले की हे आकडे सर्व शिक्षणाचे नव्हते. कलेक्टरांनी ज्याला शाळा मानले तेवढेच मोजले गेले; घरोघर चालणारे शिक्षण मोजणीत आलेच नाही. परुळेकरांनी निकाल सांगण्यावर भर दिला नाही. कागद जसेच्या तसे छापून प्रत्येक जिल्ह्याने काय मोजले आणि काय वगळले हे त्यांनी वाचकासमोर ठेवले. ज्याला वाद करावयाचा असेल त्याने आता त्या कागदांशी करावा, अशी ही भूमिका होती.

तारनाक्याच्या दप्तरांना हीच कसोटी लावावयास हवी. सरकारी अहवालातील शाळांच्या संख्येत परवानगी मिळालेल्या शाळा दिसतात. परवानगी नाकारलेल्या शाळा अर्जांच्या फायलीत असतात, आणि अर्जच न करता कोणाच्या वाड्यात किंवा देवळाच्या ओवरीत चाललेल्या शाळा कोणत्याही फायलीत नसतात. त्यांच्यासाठी मराठी आठवणी, संस्थांच्या कीर्दी आणि मोडीतील पत्रे पाहावी लागतात. एका लेखकाजवळ फाईल असते, दुसऱ्याजवळ कीर्द असते. संपादकाने या दोघांना एकमेकांचे लेख वाचावयास दिले नाहीत, तर विभागाचा उपयोग काय?

पण दोन साक्षीदार समोरासमोर उभे करून संपादकाचे कर्तव्य संपत नाही. तिसरा साक्षीदार बहुधा हाक मारल्याशिवाय येत नाही. उर्दू की मराठी, सरकारी की खासगी, हा वाद ज्यांना शाळेचे दार उघडे होते त्यांचा होता. ज्या मुलाला अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसविले जाई, त्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न भाषेचा नव्हताच. त्याच हैदराबाद शहरात भाग्यरेड्डी वर्मा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दलित मुलांसाठी शाळा चालविल्या. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यातील या मुलांना उच्च शिक्षणाचे दार आपल्याच मुलखात प्रथम सापडले. मुलींची गोष्टही अशीच निराळी आहे. आवाहनाला उत्तर म्हणून आलेल्या गोषवाऱ्यांत या मुलांमुलींवर एकही लेख नसेल, तर 'आले नाहीत' एवढे म्हणून संपादकाला हात झटकता येत नाहीत. त्याने लेखक शोधला पाहिजे, गरज पडली तर मुदत वाढविली पाहिजे, आणि तरीही लेख मिळाला नाही तर प्रस्तावनेत ती उणीव स्वच्छ शब्दांत नोंदविली पाहिजे. झाकलेल्या उणिवेवर पुढचा अभ्यासक अडखळतो. नोंदलेल्या उणिवेपासून तो कामाला लागतो.

परीक्षणाच्या टप्प्यावर संपादकाची कसोटी निराळीच लागते. मराठवाड्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाने चाळीस वर्षे जमविलेल्या कागदांवरून लेख लिहिलेला असतो. परीक्षक लिहितो की लेखात सिद्धान्ताची मांडणी नाही. दुसरीकडे एखाद्या दूरच्या विद्यापीठातून सिद्धान्ताने भरलेला लेख येतो, आणि त्यात मराठीचा एकही कागद नसतो. पहिला लेख परत पाठविणे आणि दुसरा स्वीकारणे सोपे आहे. न्याय्य मार्ग थोडा कष्टाचा आहे. शिक्षकाला त्याच्या कागदांतून कोणते मोठे प्रश्न निघतात ते समजावून द्यावे, आणि दुसऱ्या लेखकाला तारनाक्यास आणि मराठवाड्यास जाऊन येण्यास सांगावे. या पत्रव्यवहाराला महिनोन्‌महिने लागतात. छापील विभागात त्याची खूणही राहत नाही. विभागाचा कस मात्र त्यावरच ठरतो.

शेवटी प्रस्तावना. येथे संपादकाला न्यायाधीश होण्याचा मोह पडतो. उस्मानिया चांगले की वाईट, असा निकाल देऊन टाकला की प्रस्तावना ठसकेबाज होते. पण हैदराबादच्या शिक्षणाने असा निकाल अवघड करून ठेवला आहे. ज्या विद्यापीठाने मराठी विद्यार्थ्याला परक्या भाषेत शिकावयास लावले, त्याच विद्यापीठाने देशी भाषेत आधुनिक शास्त्र शिकविता येते हे सिद्ध करून दाखविले. १९४८ नंतर उर्दू माध्यम गेले आणि उस्मानियात इंग्रजी आली. मराठी, तेलुगू किंवा कानडी काही त्या जागी बसली नाही. हे तिन्ही सत्य एका प्रस्तावनेत शेजारी ठेवणे आणि त्यांतले एकही मऊ न करणे, एवढे साधले तरी संपादकाने पुष्कळ केले म्हणावयाचे.

या कामाला आता उशीर करून चालणार नाही, याचे कारण उघड आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि पुढे १९६० साली महाराष्ट्राचे झाले. पण मध्यवर्ती कारभाराची दप्तरे हैदराबादेसच राहिली. बीडच्या किंवा आज धाराशिव म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या एखाद्या शाळेने १९३० च्या सुमारास केलेला अर्ज आज दुसऱ्या राज्यात आहे, आणि तो उर्दू लिपीत आहे. त्या गावी ती लिपी वाचू शकणारी मराठी माणसे एके काळी घरोघर होती. वकील, तलाठी, मास्तर, सर्वांना उर्दू येत असे. ती पिढी आता जवळजवळ सरली आहे. मोडी वाचणारेही थोडेच उरले आहेत. शाळेची अर्धी हकीकत गावाच्या आठवणीत आहे आणि अर्धी तारनाक्याच्या कपाटात. दोन्ही वाचणारा एक मनुष्य मिळणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार.

यास्तव ज्या कोणाच्या हाती असा विशेष विभाग येईल, त्याने लेखकांची यादी करताना उर्दू वाचणारा एक आणि मोडी वाचणारा एक, अशा दोन नावांपासून सुरुवात करावी. त्यांना शेजारी बसवावे, एकाच शाळेचे दोन्हीकडचे कागद त्यांच्यापुढे ठेवावे, आणि त्यांचा संयुक्त लेख विभागात पहिला छापावा. त्या दोघांचे ज्या तपशिलावर पटणार नाही, तो तपशील तळटिपेत न ढकलता लेखाच्या अंगातच राहू द्यावा. कारण हिप्परग्याच्या किंवा औरंगाबादच्या त्या वर्गात बसलेल्या मुलाला दोन्ही बाजू एकाच वेळी भोगाव्या लागल्या होत्या.